मक्याला सोबत हवी : पर्यायी पिठांचा पौष्टिक व्हीगन कॉर्नब्रेड

कॉर्नब्रेड हा मक्याच्या पिठाचा अमेरिकी पदार्थ. त्याच्या नावात ब्रेड असला, तरी त्याची जातकुळी पावाची नाही. त्याला यीस्ट लागत नाही, पीठ मळावे लागत नाही आणि ते फुगण्याची वाट पाहत बसावे लागत नाही. कोकणातले धोंडस किंवा तवसाळी ज्यांनी खाल्ली आहे, त्यांना कॉर्नब्रेड लवकर कळेल. जाडसर दळलेले धान्य, बेताचा ओलावा, जाड बुडाचे भांडे आणि खालून-वरून मिळणारी धग एवढाच दोन्हींचा पाया आहे. तवसाळीच्या पातेल्याच्या झाकणावर पूर्वी निखारे ठेवत असत. अमेरिकेत पश्चिमेकडे वस्ती करायला निघालेली कुटुंबेही बिडाच्या भांड्याच्या झाकणावर असेच निखारे रचून हा पदार्थ भाजत.

मका मूळचा मेक्सिकोचा. तिथून तो उत्तरेकडे गेला आणि आजच्या अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या चेरोकी, चोक्टॉ, क्रीक या लोकांचे मुख्य धान्य बनला. मक्याचे पीठ पाण्यात कालवून भाजण्याची रीत त्यांची होती. युरोपातून आलेल्या लोकांनी ती उचलली आणि तिच्यात ताक, अंडी, सोडा, लोणी यांची भर घातली. पुढे तिच्या दोन वाटा झाल्या. दक्षिणेकडे साखर न घालता, गव्हाचे पीठ अगदी थोडे घेऊन किंवा मुळीच न घेता, डुकराच्या चरबीने माखलेल्या बिडाच्या तव्यात भाजलेला खमंग कॉर्नब्रेड करतात. उत्तरेकडचा गोडसर असतो, त्यात मैदा जास्त असतो आणि तो केककडे झुकतो. मला दक्षिणेकडची वाट अधिक जवळची वाटते, कारण तिच्यात मक्याची चव झाकली जात नाही. शिवाय अंडी, ताक आणि चरबी वगळली, तरी त्या कॉर्नब्रेडचा मूळ स्वभाव बदलत नाही.

मात्र मका एकटा पुरेसा नाही, आणि याला मोठा इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गरिबांच्या ताटात मका, काकवी आणि खारवलेली चरबी याखेरीज फारसे काही नसे, आणि तिथे पेलाग्रा नावाच्या रोगाने हजारो माणसे दगावली. कातडी सोलवटणे, जुलाब आणि भ्रम ही त्याची लक्षणे होती. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासून या रोगाचा अभ्यास करून तो संसर्गाने होत नसून आहारातल्या उणिवेमुळे होतो हे दाखवून दिले, आणि ती उणीव नायसिन या जीवनसत्त्वाची आहे हे १९३७ मध्ये स्पष्ट झाले. मक्यातले नायसिन बांधलेल्या अवस्थेत असते आणि ते शरीराला सहज मिळत नाही. मेक्सिकोतले लोक पिढ्यान्‌पिढ्या मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मगच वाटत आले, त्यामुळे हे नायसिन मोकळे होते. त्यांच्या शेतात मक्याबरोबर घेवड्याचे वेल आणि भोपळाही असे. मक्याच्या प्रथिनांत लायसिन आणि ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्ले कमी असतात; कडधान्यांत लायसिन भरपूर असते. म्हणजे जी सोबत शेतात होती तीच ताटातही होती.

हीच सोबत कॉर्नब्रेडच्या पिठातच घालावी, असे माझे सांगणे आहे. पर्यायी पिठांकडे बहुतेक जण गहू टाळण्यासाठी वळतात. ते कारण योग्यच आहे, पण दुसरे पीठ निवडताना मक्यात काय कमी आहे ते पाहून निवडले, तर पदार्थ पौष्टिकही होतो आणि चवीलाही सरस उतरतो.

सुरुवात दुकानातून करावी लागते, कारण पहिली चूक तिथेच होते. आपल्याकडे ‘कॉर्नफ्लोअर’ या नावाने मिळणारी पांढरीशुभ्र, बोटांत चरचरणारी भुकटी म्हणजे मक्याचे निव्वळ स्टार्च असते. सूप दाट करायला ती उपयोगी पडते, पण कॉर्नब्रेडला ती चालत नाही. मी पहिल्यांदा हा पदार्थ केला तेव्हा तीच वापरली होती, आणि तासाभराच्या मेहनतीनंतर भांड्यातून चिवट, बेचव, पांढरी वडी निघाली. आपल्याला हवे ते पिवळे, मक्याचा वास येणारे, पूर्ण दाण्याचे पीठ. अमेरिकेत राहणाऱ्यांनी ‘कॉर्नमील’ घ्यावे आणि शक्यतो दगडी जात्यावर दळलेले पाहावे. टॉर्टियासाठी विकले जाणारे ‘मासा’ हे पीठ चुन्यात शिजवलेल्या मक्याचे असते. त्याची चव आणि पाणी शोषण्याची रीत वेगळी असल्यामुळे ते पूर्ण बदली म्हणून वापरू नये. तयार मिश्रणाचे खोके घ्यायचे असेल, तर घटकांची यादी शेवटपर्यंत वाचावी, कारण त्यात दुधाची भुकटी किंवा प्राणिज चरबी असू शकते.

ज्यांच्या जवळ गिरणी आहे, त्यांनी वाळवलेला पिवळा मका आणून तो जाडसर दळून घ्यावा. मला लागणारे पीठ बारीक रव्याइतके रवाळ असते. चिमटीत धरून चोळले की कण जाणवतात, पण दाताखाली खडा लागत नाही. इतके सांगूनही गिरणीवाले भाकरीसारखे मऊ पीठ देण्याची शक्यता असते, म्हणून पहिली मूठ हातावर घेऊन पाहावी. घरात कुणाला सेलिअॅकचा (गव्हातले ग्लुटेन हे प्रथिन न सोसण्याचा) त्रास असेल, तर गिरणीतले पीठ टाळलेलेच बरे, कारण आधीच्या दळणाचा गहू पात्यांत आणि नळीत राहतो. अशा घरी मका मिक्सरमध्ये थोडा थोडा भरडून चाळावा. पूर्ण दाण्याच्या पिठात कोंब असतो आणि कोंबात तेल, त्यामुळे ते लवकर खवट होते. एका वेळी अर्धा किलोच दळून फ्रिजमध्ये ठेवावे.

आता सोबतच्या पिठांकडे वळू. माझी पहिली पसंती बेसनाला आहे. त्यात मक्याच्या दुपटीहून अधिक प्रथिने असतात, लायसिनची भरपाई होते आणि अंड्याविना केलेल्या पदार्थाला बांधून धरण्याचे कामही ते करते. मात्र एकूण पिठाच्या सहाव्या भागाहून अधिक बेसन घालू नये. त्यापुढे ढोकळ्याची चव येऊ लागते आणि मधला भाग ओलसर राहतो. दुसरे पीठ ज्वारीचे. ज्वारीला स्वतःची चव सौम्य आहे, ती मक्यावर कुरघोडी करत नाही आणि भाजल्यावर पोत मऊ ठेवते. रोजच्या कॉर्नब्रेडसाठी मका, ज्वारी आणि बेसन हेच त्रिकूट मला सर्वांत भरवशाचे वाटते.

नाचणी घ्यायची झाल्यास ज्वारीच्या निम्म्या भागाच्या जागी घ्यावी. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि दूधदुभते न खाणाऱ्यांसाठी ही मोलाची गोष्ट आहे. रंग तपकिरी होतो आणि पाणी थोडे जास्त लागते, एवढेच लक्षात ठेवावे. राजगिऱ्याचे पीठ मला या पदार्थात फार आवडते. आपण त्याला उपवासाचे म्हणून ओळखतो, पण दाण्याचा राजगिराही मक्यासारखाच अमेरिका खंडातून आलेला आहे, म्हणजे ही दोघे जुने शेजारी आहेत. राजगिऱ्यात लायसिनचे प्रमाण तृणधान्यांपेक्षा चांगले असते. पण ते चिकट होते, म्हणून ४० ग्रॅमच्या पुढे जाऊ नये. बाजरी घ्यायची तर त्याच आठवड्यात दळलेली घ्यावी, कारण दळल्यानंतर बाजरी लवकर कडवट होते आणि तो कडूपणा भाजल्याने जात नाही. तांदळाच्या पिठाने कडा कुरकुरीत होतात, पण पौष्टिकतेत भर पडत नाही. नारळाचे पीठ मी वापरत नाही. ते सगळे पाणी पिऊन टाकते. ज्यांना गव्हाचे वावडे नाही, त्यांनी ज्वारीऐवजी कणीक घेतली तरी कॉर्नब्रेड चांगलाच होतो.

२० सेंटिमीटर व्यासाच्या भांड्यासाठी पुढील प्रमाण घ्यावे. मक्याचे रवाळ पीठ १४० ग्रॅम, ज्वारीचे पीठ ६० ग्रॅम, बेसन ४० ग्रॅम, बेकिंग पावडर २ चहाचे चमचे, खाण्याचा सोडा पाव चहाचा चमचा आणि मीठ पाऊण चहाचा चमचा. ओल्या जिनसांत सोयाबीनचे बिनगोडाचे दूध १८० मिलिलिटर, लिंबाचा रस १ मोठा चमचा, जवसाची पूड १ मोठा चमचा व तिच्यासाठी ३ मोठे चमचे पाणी, शेंगदाण्याचे तेल ५० मिलिलिटर आणि आधणासाठी १०० मिलिलिटर पाणी. गूळ पूर्णपणे ऐच्छिक आहे. मी १ मोठा चमचा किसलेला गूळ घालते, तो गोडीपेक्षा वरच्या खरपूस रंगासाठी. मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटरचा आणि चहाचा चमचा ५ मिलिलिटरचा. पिठे शक्य असेल तर वजनानेच मोजावीत, कारण रवाळ आणि मऊ मक्याच्या एका वाटीचे वजन सारखे भरत नाही.

सर्वांत आधी जवसाची पूड पाण्यात भिजवून ठेवावी. दहा मिनिटांत तिला अंड्याच्या बलकासारखा नव्हे, तर पांढऱ्या भागासारखा तार धरणारा चिकटपणा येतो. चटणीसाठी आपण जवस भाजतो तसे इथे भाजू नये, कच्चे जवसच बारीक दळावे. त्याच वेळी सोयाबीनच्या दुधात लिंबाचा रस घालून बाजूला ठेवावा. पाच-सात मिनिटांत ते फुटल्यासारखे दाटसर होते आणि ताकाचे काम करते. हा आंबटपणा केवळ चवीसाठी नाही. सोड्याला आम्ल मिळाले नाही, तर तो फुगत नाही आणि मागे साबणासारखी चव ठेवतो. सोयाबीनचे दूध न मिळाल्यास किंवा चालत नसल्यास भिजवलेले शेंगदाणे वाटून, गाळून काढलेले दूध घ्यावे.

यानंतरची पायरी बहुतेक ठिकाणी सांगितली जात नाही, पण ग्लुटेन नसलेल्या कॉर्नब्रेडचे यश माझ्या मते तिच्यावरच अवलंबून आहे. तांदळाची भाकरी चिरू नये म्हणून आपण पिठाची उकड काढतो, आणि ज्वारीचे पीठ विरी गेलेले, म्हणजे चिकटपणा गेलेले, असेल तर आधणाच्या पाण्यात मळतो. तसेच इथे करावे. एकूण मक्याच्या पिठातले निम्मे, म्हणजे ७० ग्रॅम पीठ एका जाड वाडग्यात घ्यावे, त्यावर १०० मिलिलिटर खळखळते पाणी ओतावे, चमच्याने भराभर ढवळावे आणि झाकण ठेवून पंधरा मिनिटे मुरू द्यावे. गरम पाण्याने पिठातले स्टार्च फुगते आणि चिकट होते. ग्लुटेनच्या अभावी जे बांधून धरणारे हवे असते ते असे मक्यातूनच मिळते. शिवाय रवाळ कण आतपर्यंत ओले होतात. झाकण काढल्यावर वाडग्यात घट्ट पिठल्यासारखा गोळा दिसतो आणि भाजलेल्या कणसाच्या जवळ जाणारा वास येतो. अमेरिकेच्या दक्षिणेतही उकळत्या पाण्यात मक्याचे पीठ कालवून तळण्याची जुनी रीत आहे, ती याच तत्त्वावर चालते.

पीठ मुरत असताना ओव्हन २०० अंश सेल्सिअसवर तापत ठेवावा आणि बिडाचा खोलगट तवा रिकामाच त्यात ठेवावा. आंबोळी-घावनांचा बिडाचा तवा कडेने पुरेसा खोल असेल आणि त्याची मूठ लाकडाची किंवा प्लॅस्टिकची नसेल, तर तो उत्तम चालतो. घरगुती ओटीजीत खालची-वरची अशा दोन्ही सळ्या सुरू ठेवाव्यात आणि निदान वीस मिनिटे वाट पाहावी. डबा गरम झाला म्हणजे बीड गरम झाले असे नाही.

आता मुरलेल्या मक्यात फुटलेले दूध थोडे थोडे घालून गुठळ्या मोडाव्यात, मग जवस, गूळ आणि तेल घालून फेटावे. उरलेले मक्याचे पीठ, ज्वारी, बेसन आणि मीठ वेगळ्या भांड्यात एकत्र करून चाळावे, बेसनाच्या गोळ्या राहू देऊ नयेत, आणि ते ओल्या मिश्रणात घालावे. इथे ग्लुटेन नसल्यामुळे जास्त ढवळल्याने चिवटपणा येण्याची भीती नाही. मिश्रण पळीवाढे, ढोकळ्याच्या पिठाइतके असावे. पळीतून ते सलग धारेने न पडता जाड पट्ट्यासारखे पडले पाहिजे. घट्ट वाटल्यास एक-दोन चमचे पाणी घालावे. बेकिंग पावडर आणि सोडा मात्र सर्वांत शेवटी, ओव्हन पूर्ण तापल्यावरच घालावा, कारण ग्लुटेनची जाळी नसल्याने तयार झालेले वायूचे बुडबुडे फार वेळ अडकून राहत नाहीत.

जाड हातमोजे घालून तवा बाहेर काढावा, त्यात १ मोठा चमचा तेल सोडून फिरवावे आणि लगेच मिश्रण ओतावे. या क्षणी चर्र असा आवाज आलाच पाहिजे. तो आला की कडेला बारीक बुडबुडे उठतात आणि काठावरचे मिश्रण डोळ्यांदेखत पिवळ्याचे सोनेरी होऊ लागते. आवाज आला नाही, तर तवा पुरेसा तापलेला नव्हता. कॉर्नब्रेड तरीही होईल, पण बुडाचा खमंग पापुद्रा मिळणार नाही. तवा मधल्या कप्प्यात ठेवून २५ ते ३० मिनिटे भाजावे. कडा तव्यापासून सुटल्या, वरचा भाग कोरडा होऊन त्याला बारीक भेगा गेल्या आणि मध्ये खुपसलेली सुरी स्वच्छ निघाली की तो झाला. नंतर निदान पंधरा मिनिटे कापू नये. गरम असताना आतला स्टार्च अजून बसलेला नसतो, आणि माझ्या पाहण्यात बहुतेक कॉर्नब्रेड इथेच, घाईने कापल्यामुळे भुगा झालेले आहेत.

ओव्हन नसेल तरी अडत नाही. कुकरची शिट्टी आणि रबर काढून, बुडाशी मिठाचा किंवा वाळूचा बोटभर थर देऊन आपल्याकडे घरोघरी केक आणि नानकटाया भाजल्या गेल्या आहेत. तेच इथे करावे. मिठावर जाळी ठेवून मोठ्या आचेवर दहा मिनिटे तापवावे, तेल लावलेले अॅल्युमिनियमचे भांडे आत ठेवावे आणि मंद-मध्यम आचेवर ४० ते ४५ मिनिटे भाजावे. वरचा रंग फिका राहतो. तो हवा असल्यास कॉर्नब्रेड थंड झाल्यावर उलटून गरम तव्यावर तेलात दोन मिनिटे परतावा.

काही दोषांची कारणे सांगून ठेवते तेवढी पुरेत. तुकडे पडत असतील, तर आधण पुरेसे गरम नव्हते. पुढच्या वेळी उकळी फुटल्यावरच ओतावे, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर १ चहाचा चमचा इसबगोल व ३ मोठे चमचे पाणी वाढवावे. दाताखाली कचकच लागत असेल, तर मुरण्याची वेळ कमी पडली. मध्ये ओलसर थर राहिला, तर बेसन जास्त झाले किंवा भांडे लहान होते. रंग अधिक पिवळा यावा म्हणून हळद मुळीच घालू नये; सोड्याशी गाठ पडताच तिचे लाल ठिपके उमटतात.

चवीसाठी हिरव्या मिरचीचा ठेचा एक चहाचा चमचा, किंवा कोवळ्या मक्याचे दाणे अर्धी वाटी घातलेले छान लागतात. दाणे घालणार असाल, तर ते पुसून कोरडे करावेत.

खाताना कॉर्नब्रेडला रस्सा लागतो. अमेरिकेच्या दक्षिणेत नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी कॉर्नब्रेडबरोबर पालेभाजी आणि काळ्या डोळ्याचे कडधान्य खाण्याची प्रथा आहे, आणि ते कडधान्य म्हणजे आपली चवळीच. चवळीची पातळ उसळ किंवा पालकाची ताकाशिवाय केलेली पातळ भाजी यांच्याबरोबर त्याचा तुकडा बुडवून खाल्ला, की पिठातल्या बेसनाने सुरू केलेले काम ताटात पूर्ण होते.

त्याच दिवशी खाण्यात सर्वांत गोडी आहे. दुसऱ्या दिवसासाठी फडक्यात गुंडाळून डब्यात बाहेरच ठेवावा. फ्रिजमध्ये तो लवकर कडक होतो. त्याहून जास्त टिकवायचा तर तुकडे करून फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि काढल्यावर थेट तव्यावर भाजावेत. शिळा राहिलाच, तर फोडणीच्या भाकरीसारखा कुस्करावा. तेलात मोहरी, कढीपत्ता, भरपूर कांदा आणि मिरची परतून, पाण्याचा हबका मारून झाकण ठेवावे, आणि वरून लिंबू व कोथिंबीर घालावी. या फोडणीत हिंग घालताना ज्यांना ग्लुटेन चालत नाही त्यांनी डबीवरचे घटक वाचावेत, कारण बाजारातल्या बऱ्याच हिंगात गव्हाचे पीठ मिसळलेले असते.